मानक माणसाची एकविसावी कृती

भूपाल मगदूम अखेर त्यांच्या बायकोला दिसले. क्षमावाणीच्या दिवशी, संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी, सांगलीतल्या स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत, मिशीसकट दिसले.

असं काही घडलेलं नाही. तपासणी अहवालात 'निरीक्षण निरंक' असं लिहिलेलं आहे आणि त्याखाली माझा शिक्का आहे. माझा शिक्का बसला की गोष्ट तशीच असते, मला त्यासाठीच नेमलंय. तेव्हा वरचा परिच्छेद आपण वाचलेला नाही असं समजून पुढे जाऊ.

मी तौफिक मुजावर. कुपवाड एमआयडीसीतल्या एका सुरक्षा कॅमेऱ्यांच्या कारखान्यात अंतिम तपासणीला आहे. कॅमेरा पेटीत जाण्याआधी त्याच्याकडे शेवटचं मी बघतो आणि तो शेवटचं भूपालदादांकडे बघतो. कारण भूपालदादा आमचे 'मानक माणूस' आहेत. हे विशेषण नाही, हुद्दा आहे. ओळखपत्रावर तसं छापलंय.

प्रत्येक मोजमापाला एक मूळ नमुना लागतो. वजनाला वजन लागतं, पट्टीला पट्टी. माणूस टिपणाऱ्या कॅमेऱ्याला माणूस लागतो. सुरुवातीला पुतळा बसवला होता, पण सरकारी निविदेत 'जिवंत मनुष्य' असा शब्द निघाला आणि पुतळा स्टोअरला जमा झाला. मग अख्ख्या कारखान्याची उंची, रंग, बांधा मोजून सरासरी काढली आणि त्या सरासरीच्या सगळ्यात जवळ पॅकिंगमधले भूपालदादा निघाले. शिवाय नाकावर माशी बसली तरी ते हलत नसत. दोन्ही गुण एकाच माणसात मिळणं अवघड.

सात वर्षं ते चाचणी खोलीत सतरा कृती करत आले. बसणे, उठणे, उजवा हात वर, डावा हात वर, सरळ चालणे, धावणे, पडणे, स्टीलच्या पेल्यातून पाणी पिणे, नमस्कार, छत्री उघडणे वगैरे. सतरावी कृती कुलूप तोडणे. ती करताना दादा दर वेळी मनातल्या मनात कुणाची तरी माफी मागत, हे त्यांनीच मला सांगितलंय. एका कृतीला चाळीस सेकंद. बोलायचं नाही, हसायचं नाही. समोर एका वेळी दोनशे कॅमेरे. पास झालेल्या प्रत्येक पेटीवर मानक माणसाची छापील सही.

गडबड जूनमध्ये सुरू झाली. आम्ही कॅन्टीनमध्ये जेवत होतो. दादांचा फोन बटणांचा आहे. दिवसभर दोनशे कॅमेऱ्यांपुढे बसणाऱ्या माणसाला खिशात आणखी एक नको असतो. त्या फोनचा आवाज मात्र असा आहे की वैयक्तिक बोलणं सार्वजनिकच होतं.

"कुठं हाय तुम्ही?" त्रिशलावहिनी होत्या. त्यांच्या आईचं खुब्याचं हाड मोडल्यामुळे त्या एप्रिलपासून सदलग्याला माहेरी होत्या. दादांची साखर वाढू नये म्हणून जाताना पुढच्या खोलीत आमचाच एक कॅमेरा लावून गेल्या होत्या. रोज संध्याकाळी सहाला तो उघडून नवऱ्याकडे बघायच्या.

"जेवालोय की. कंपनीत."

"आत्ताचं न्हाई विचारलं. काल सहाला कुठं होता?"

"घरात. पेपर वाचत."

"पेपर होता. तुम्ही नव्हता. पेपर आपला आपण उघडालता आन् पंखा पाचवर. माणूस नसताना पंखा पाचवर कशाला?"

"अगं, मी होतो की तिथं."

"पेटीवर तुमचीच सही हाय. सात वर्षं तुम्हीच सांगताय, आमचा कॅमेरा खोटं बोलत न्हाई. मग आता कोण बोलालंय?"

दादांनी आमटीकडे पाहिलं. दोन्ही बाजूंनी साक्षीदार तेच होते.

फोन बंद झाल्यावर मी सहज वर, कॅन्टीनच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर मी होतो, शेजारी रिकामी खुर्ची होती, आणि खुर्चीसमोर चपातीचा एक तुकडा हवेत चढत चढत एका विशिष्ट उंचीवर नाहीसा होत होता.

"दादा," मी म्हटलं, "वहिनी खरं बोलतायत."

इथे थोडं विज्ञान सांगावं लागेल. कुठलाही सेन्सर जन्मतः सदोष असतो. त्याच्या लाखो ठिपक्यांपैकी काही उगाच उजळ असतात, काही मंद. जुन्या काळी यावर सोपा उपाय होता. लेन्स झाकायची, अंधाराचा फोटो काढायचा. अंधारात जे दिसतं तो कॅमेऱ्याचा स्वतःचा दोष. तो पुढच्या प्रत्येक चित्रातून वजा करायचा. पण हे दोष उन्हाने, थंडीने, वयाने बदलतात. म्हणून नवीन शिकणारी चिप आली. ती चाचणी खोलीतल्या लाखो कॅमेऱ्यांची चित्रं एकमेकांशी ताडून बघते आणि एकच नियम लावते: जे बदलतं ते जग, जे सगळीकडे तसंच राहतं तो दोष. दोष पुसायचा आणि मागे काय असेल त्याचा अंदाज करून ती जागा भरायची. हे शिकलेलं सगळं एका फायलीत जातं. तिला आम्ही आई-फाइल म्हणतो. दर रविवारी आई-फाइल विकलेल्या सगळ्या कॅमेऱ्यांत पोचते. तेव्हा ते बावीस लाख होते.

चाचणी खोलीत भिंतींचा रंग दरवर्षी बदलायचा, दिवे बदलायचे, निरीक्षक बदलायचे. सात वर्षांत तसेच राहिले ते फक्त भूपालदादा. चिपने तिचं काम चोख केलं. तिने शोधलेला सगळ्यात मोठा उत्पादन दोष म्हणजे भूपाल मगदूम.

त्यांना आई-फाइलमधून काढता येईल का, हे मी सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, आमटीतून मीठ काढून दाखव, मग बोलू.

दादांना पहिले काही दिवस गंमत वाटली. गेटवरच्या हजेरीच्या यंत्रात ते येईनात म्हणून वॉचमन वहीत 'मगदूम – आवाज हजर' असं लिहू लागला. विश्रामबाग चौकातून त्यांच्या स्कूटरला नोटीस आली: चालकाने हेल्मेट घातलेले नाही, तसेच चालक नाही. दादांनी ती नोटीस घडी घालून पाकिटात ठेवली आणि मला विचारलं, "मुजावर, मी नसलो तर दंड कुणाला पडंल?" हा त्यांना खराच पडलेला प्रश्न होता. आम्ही डबा संपेपर्यंत त्यावर चर्चा केली.

पण सहा वाजले की गंमत संपायची. वहिनी फोन करायच्या, तेच विचारायच्या, आणि रोज एक वाक्य कमी बोलायच्या.

मी रीतसर दोष-अहवाल भरून कुडचे मॅडमकडे नेला. कुडचे मॅडम आमच्या गुणवत्ता विभागाच्या प्रमुख. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या सहीचा एकही कॅमेरा परत आलेला नाही. त्यांच्या टेबलावर कागदांच्या कडासुद्धा एका रेषेत असतात.

"तीस वेळा पडताळलंत?" त्यांनी विचारलं.

हा आमच्याकडचा नियम. कुठलंही निरीक्षण प्रमाणित चाचणी खोलीत तीस वेळा करून बघायचं, मगच ते निरीक्षण. तीस वेळा दादा अदृश्य झाले. अहवाल तयार झाला. दोषाचं वर्णन: व्यक्ती दिसत नाही. दोषाचं कारण या रकान्यात मॅडमनी बराच विचार करून लिहिलं: व्यक्ती.

"सुधारणा काय करायची मग?" मी विचारलं.

"व्यक्तीत बदल."

दादांना चष्मा लावला, टोपी घातली, पोटावर उशी बांधली. चिप हुशार होती, तिने चष्मा आणि टोपी ठेवून दादा तेवढे काढले. मिशी काढायला दादांनी नकार दिला. सात वर्षांत त्यांनी नाकारलेली ती पहिली सूचना.

मग एक दिवस बस्तीचे ट्रस्टी दादांना वाटेत भेटले. बस्ती म्हणजे त्यांचं जैन मंदिर. तिथेही आमचेच कॅमेरे आहेत.

"मगदूम, तुमचं काही कळंना झालंय," ट्रस्टी म्हणाले. "कॅमेऱ्यात बघावं तर तुम्ही येत न्हाई, नुसते जाताय."

दादांनी मला हे सांगितलं आणि माझा घास हातातच राहिला. दर्शन घेऊन निघताना मूर्तीकडे पाठ करायची नाही म्हणून ते उलटे चालत बाहेर पडतात. सतरा कृतींत उलटं चालणं नव्हतं. चिपने उलटे भूपालदादा कधी पाहिलेच नव्हते, त्यामुळे तिच्या लेखी तो कुणी नवीन माणूस होता.

त्या संध्याकाळी दादा पुढच्या खोलीत उलटे फिरले. सोफ्यापासून कपाटापर्यंत उलटे, कपाटापासून खिडकीपर्यंत उलटे. वहिनींनी फोनवर एवढंच म्हटलं, "पाठीमागं बघून चाला, टीपॉय हाय." दोन दिवस असं चाललं.

मी उत्साहाने ही अठरावी कृती मॅडमना कळवली. हे मी करायला नको होतं. पण मी तपासणीतला माणूस आहे. आम्हाला काही नवीन आढळलं की आधी फॉर्म आठवतो.

दादांना चाचणी खोलीत तीस वेळा उलटं चालवलं. चाचणी खोलीत जे होतं ते आई-फाइलमध्ये जातं. रविवारी फाइल गेली. सोमवारी दादा उलटेसुद्धा नाहीसे झाले.

"कुणाला तरी तुमचा शर्ट घालून दोन दिवस फिरवलंत," वहिनी म्हणाल्या. "नुसती पाठ दाखवली त्यानं. तोंड दिसलं न्हाई."

मग मी आणि दादांनी मिळून एकोणिसावी कृती शोधली, उकिडवं बसणं. ती चार दिवस टिकली, कारण मॅडमना कुणीतरी सांगितलं. विसावी लंगडी. चौपन्नाव्या वर्षी माणूस स्वतःच्या घरात लंगडी घालतोय हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिचीही तीस वेळा पडताळणी झाली, रविवार आला आणि लंगडी गेली.

"मॅडम," मी म्हटलं, "आपण तपासतोय म्हणूनच ते जातायत. खोलीबाहेर तपासू या."

"खोलीबाहेरची तपासणी ग्राह्य नाही. त्यासाठी मानक कार्यालयाची परवानगी लागते. मी जुलैतच अर्ज केलाय." त्यांनी ड्रॉवरमधून उत्तर काढून दाखवलं. कार्यालयाने पुरावा मागितला होता: संबंधित व्यक्तीचं चित्रीकरण, ज्यात व्यक्ती स्पष्ट दिसत असेल.

आम्ही दोघांनी ते पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग मॅडम हळूच म्हणाल्या, "भाषा मात्र शुद्ध आहे."

पर्युषण सुरू झालं. तिसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होतो. त्या चिडलेल्या नव्हत्या, आणि तेच वाईट होतं.

"आईचं हाड जुळलंय," त्या म्हणाल्या. "काठी घेऊन चालालीय. मला यायला हरकत न्हाई आता. पण कुठल्या घरात येऊ? रिकाम्या? क्षमावाणीला सगळ्यांची क्षमा मागतो आपण, तुमची पण मागीन. फोनवर न्हाई पण. सहाला समोर दिसा, तोंड दिसू दे, मग मागीन आन् मग येईन. न्हाईतर मी हितंच ऱ्हाते. कायमची."

"त्रिशला, मी एकतीस वर्षांत कवा खोटं बोललोय काय?"

"जिलबी."

जिलबीचं खरं होतं.

"तू ये की एकदा. बघ डोळ्यानं," ते म्हणाले.

"आल्यावर तुम्ही असणारच की. मी नसताना असता का, एवढंच बघायचं हाय मला."

मला यात खोट काढता येईना. मी पाच वर्षं तपासणीत आहे, इतकी घट्ट अट मी कुठल्या निविदेत पाहिलेली नाही.

उरलेले दिवस आम्ही शोधत होतो. दादा जांभई देऊन बघत, शिंकून बघत, सूर्यनमस्कार घालून बघत. कशातच दिसत नव्हते. सात वर्षांत तो माणूस त्या खोलीत इतकं काही करून बसला होता की बाहेर करायला फार थोडं उरलं होतं.

क्षमावाणी. पर्युषण संपलं की जैन घरांत सगळे एकमेकांपुढे हात जोडतात आणि वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात. त्या दिवशी कारखान्यातही सकाळपासून 'उत्तम क्षमा' चाललं होतं. कुडचे मॅडमनी तर स्टोअरकीपरची क्षमा मागितली. तो तीन दिवस घाबरून होता.

पावणेसहाला मी दादांच्या घरी पोचलो. टॅबवर त्यांच्या खोलीचं तेच चित्र लावलं, जे वहिनींना सदलग्यात दिसत होतं, आणि कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर स्टुलावर बसलो. दादांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. टॅबवर सोफा होता, खिडकी होती, कॅलेंडर होतं.

सहाला फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टीपॉयवर ठेवला, कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि हात जोडले. "त्रिशला, वर्षभरात काय चुकलं असंल तर उत्तम क्षमा."

नमस्कार ही नववी कृती. टॅबवर सोफा.

"मी सोफ्याची क्षमा मागू काय?" वहिनींचा आवाज आला.

दादांनी डावा हात वर केला, उजवा केला. बसले, उठले. मग मला दिसलं की ते घाईघाईने सतराच्या सतरा कृती करतायत, कारण त्यांच्या शरीराला दुसरं काही येतच नव्हतं. शेवटी ते कुलूप तोडण्याच्या अवस्थेत थांबले.

"ठेवते मी फोन," वहिनी म्हणाल्या. "पंखा बंद करून जावा."

"जाऊ कुठं?"

हे दादा बोलले, पण आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. ते सरळ झाले.

"जाऊ कुठं, सांग की. सात वर्षं त्या खोलीत बसलो. खाज आली तरी हललो न्हाई. कशासाठी? घरी यायला. घरी येऊन काय करतो? ह्या सोफ्यावर बसतो. एकतीस वर्षं हितंच बसलोय मी. तू स्वयंपाकघरातनं विचारायचीस, 'आलाय काय?' रोज. मी बाहेर बसलेला असताना. कॅमेऱ्यानं आता पुसलंय मला. त्याआधी तुला काय दिसत होतो?"

त्यांनी हात झटकला. मान झाली लाल. एक पाय जमिनीवर आपटला आणि टीपॉयवरचा फोन हलला.

मी टॅबकडे पाहिलं. आधी मिशी आली. मग मिशीभोवती चेहरा आला. मग इस्त्रीचा शर्ट घातलेला, बोट रोखलेला, थरथरणारा एक सबंध माणूस सोफ्यासमोर उभा होता. सहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

"बोल की आता," दादा ओरडले.

"दिसलात," वहिनी म्हणाल्या. "मिशी केवढी वाढलीय हो."

"मिशीचं राहू दे. पेपर आपला आपण उघडालता म्हणं. पेपरावर विश्वास, पंख्यावर विश्वास—"

"बारीक झालाय. जेवालाय का न्हाई?"

"जेवतो की," दादा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा निवळला. टॅबवर ते खांद्यापासून विरघळायला लागले.

"गेलात, गेलात. भांडा परत," वहिनी घाईने म्हणाल्या. "ते बसस्टँडचं काढा. मी तुम्हाला निपाणीच्या स्टँडवर विसरून गेलते बघा, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. त्याचं तुम्ही कधी काय बोलला न्हाई."

दादांना ते आठवलं. मला दिसलं की त्यांना ते एकोणतीस-तीस वर्षं आठवतच होतं. ते पुन्हा स्वच्छ, पूर्ण दिसू लागले.

"तीन तास," ते म्हणाले. "हातात तुझ्या मावशीचं मांजर."

सगळ्या सांगली-मिरजेत त्या वेळी क्षमा चालली होती. या एका घरात पाऊण तास भांडण झालं. मध्येच कधीतरी वहिनींनी क्षमा मागून टाकली, पण दादा रंगात होते, त्यांना ऐकू गेलं नाही. मी चपला घालून हळूच निघालो.

दुसऱ्या दिवशी फॉर्म माझ्यासमोर होता. एकविसावी कृती: भांडण. मानक माणूस भांडताना दिसतो. खरं लिहिलं तर चाचणी खोलीत तीस भांडणं, मग रविवार. मला वाटतं मी एवढा वेळ कुठल्याच रकान्याकडे पाहिलेलं नाही. मग मी 'निरीक्षण निरंक' लिहिलं, शिक्का मारला आणि मॅडमकडे नेलं.

त्यांनी वाचलं. "मुजावर, हे खोटं आहे?"

"हो."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर दादा गेटकडे निघाले होते. रजा टाकली होती, वहिनी चार वाजताच्या एसटीने येणार होत्या. पुढे दर महिन्याला पंधरा दिवस इथे आणि पंधरा दिवस आईकडे, असं ठरलं होतं. म्हणजे वर्षातले सहा महिने रोज सहाला भांडण लागणार होतं.

"अक्षर नीट काढा," मॅडम म्हणाल्या आणि सही केली. एकोणीस वर्षांतली पहिली खोटी, मला वाटतं. "पण खोटं एकदाच चालतं. पुढचं रीतसर झालं पाहिजे. अर्ज लिहून घ्या." त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो.

प्रति,
मा. उपसंचालक (दृश्य उपकरणे),
मानक कार्यालय.

विषय: मानक मनुष्याची एक कृती तपासणीच्या कक्षेबाहेर ठेवण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आमच्या कारखान्यातील मानक मनुष्य श्री. भूपाल मगदूम यांच्या वीस कृती आजवर तपासून पूर्ण झाल्या असून त्या कृतींपुरते ते कोठेही आढळून येत नाहीत. त्यांची एक कृती शिल्लक आहे. ती कोणती, याची माहिती आमच्या विभागाकडे आहे व ती पाठविण्यात येणार नाही. सदर कृतीचा पुरावा जोडलेला नाही, जोडल्यास कृती उरणार नाही. मानक पुस्तिकेत 'मनुष्य' या शब्दाची व्याख्या साडेचार पाने असून तीत तपासावयाच्या बाबी दिल्या आहेत, न तपासावयाची बाब एकही दिलेली नाही.

सबब, सदर व्याख्येत दुरुस्ती करून प्रत्येक मनुष्यामागे किमान एक कृती न तपासता सोडण्यात यावी, तिच्यासाठी पुस्तिकेत एक पान कोरे ठेवण्यात यावे, आणि त्या पानावर पृष्ठ क्रमांकही घालू नये, ही विनंती.